मातीतला शत्रू ओळखणारं घर

मैत्रिणींनो, पावसाळ्यात लोणच्याच्या बरणीवर पांढरा थर दिसला की आपण चटकन म्हणतो, बुरशी आली. वरचा थर काढतो, चार शिव्या घालतो आणि विसरून जातो. पण हीच बुरशी शेतात मुळाला लागली की वर्षाचं गणित कोलमडतं. दोन वर्षांपूर्वी आमच्या बचत गटातल्या एका काकूंचा हरभरा ऐन घाटे भरताना जागोजागी वाळून गेला. दुकानात जाऊन विचारलं, तर एकदा अळीचं औषध मिळालं, एकदा पिवळेपणाचं आणि शेवटी कसलंसं टॉनिक. काकूंनी तिन्ही फवारली. खरा रोग होता मर. त्याची बुरशी मातीतून मुळात शिरते, तिला पानावरच्या फवाऱ्यानं काय होणार? हरभरा गेला आणि गटाचं कर्ज फेडायला काकूंना दोन हंगाम लागले.

रोगाचं नाव चुकलं की घरातला पैसा जातो, हे मला तेव्हा नीट कळलं. म्हणूनच आज अशा एका माणसाची ओळख करून द्यावीशी वाटते, ज्यांचं आयुष्य सजीवांची ओळख पटवण्यात गेलं. तुमच्यापैकी अनेकींनी सोयाबीनच्या बियाण्याच्या पिशवीवर एमएसीएस 1188 असं वाचलं असेल. ही अक्षरं पुण्याच्या एका संस्थेची आहेत, महाराष्ट्र असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स. तिचे संस्थापक संचालक म्हणजे डॉ. शंकर पुरुषोत्तम आघारकर.

आघारकरांचा जन्म 18 नोव्हेंबर 1884 रोजी मालवणला झाला. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात ते जीवशास्त्र शिकले. पुस्तकात डोकं घालून बसणाऱ्यांपैकी ते नव्हते. सह्याद्रीच्या दऱ्याखोऱ्यांत हिंडायचं, झाडं आणि जीवजंतू गोळा करायचे, हा त्यांचा नाद. अशाच भटकंतीत कोयनेच्या खोऱ्यात त्यांना गोड्या पाण्यातला जेलीफिश सापडला. मालवणच्या माणसाला समुद्रातल्या जेलीफिशचं काय कौतुक! पण घाटातल्या नदीत तो पाहून ते थबकले. त्या जातीचे गोड्या पाण्यातले जेलीफिश तोवर फक्त आफ्रिकेतून माहीत होते. ही माहिती 1912 साली नेचर या जगप्रसिद्ध विज्ञानपत्रात छापून आली. ते पाणी रोज पाहणारे लोक किती असतील! पण पाहिलेल्या गोष्टीला नाव विचारणारा एखादाच निघतो.

1914 मध्ये कलकत्ता विद्यापीठानं त्यांना वनस्पतिशास्त्राचं प्राध्यापकपद दिलं आणि पुढच्या अभ्यासासाठी ते जर्मनीला गेले. तेवढ्यात पहिलं महायुद्ध पेटलं. इंग्रजांच्या राज्यातला माणूस म्हणजे जर्मनांच्या लेखी शत्रूच. त्यांना स्थानबद्ध करण्यात आलं. परका देश आणि घरी कधी परतणार याचा पत्ता नाही, अशा स्थितीतही त्यांनी अभ्यास सोडला नाही. 1919 साली बर्लिनची डॉक्टरेट घेऊनच ते निघाले. त्यानंतर 1946 पर्यंत त्यांनी कलकत्त्यात वनस्पतिशास्त्राचा विभाग सांभाळला.

खरी गोष्ट, बरं का, इथून पुढं सुरू होते. निवृत्त झाले तेव्हा ते बासष्टीला टेकलेले. आपल्याकडं या वयात माणूस नातवंडांत रमतो, काशी-रामेश्वर करतो. आघारकर पुण्याला आले आणि नवा संसार मांडून बसले. कलकत्त्यात डॉ. महेंद्रलाल सरकार यांनी 1876 साली विज्ञानाच्या संशोधनासाठी एक संस्था काढली होती. सी. व्ही. रामन यांनी तिथंच केलेल्या कामाला पुढं नोबेल मिळालं. तशी संस्था महाराष्ट्रातही हवी, असं ठरवून काही विद्वान मंडळी एकत्र आली आणि 1946 साली ती स्थापन झाली. स्वतःची इमारत नव्हती. लॉ कॉलेजच्या आवारात मिळालेल्या जागेत काम सुरू झालं. 2 सप्टेंबर 1960 रोजी पुण्यात त्यांचं निधन झालं, तोवर संचालकपदाची धुरा त्यांनीच वाहिली. 1992 पासून ही संस्था आघारकर संशोधन संस्था या नावानं ओळखली जाते.

आता तुम्ही विचाराल, यात काकूंच्या हरभऱ्याचा संबंध काय? तर या संस्थेत बुरशींचा राष्ट्रीय संग्रह आहे. हजारो बुरशी तिथं जिवंत जपून ठेवल्या आहेत. शिवाय वाळवून ठेवलेल्या नमुन्यांचा वेगळा संग्रह आहे. त्याला प्रा. आजरेकरांचं नाव दिलंय. ज्वारीच्या कणसातून चिकट गोड पाणी गळतं, त्या रोगाचा अभ्यास याच आजरेकरांनी 1926 साली मांडला होता.

पूर्वी बुरशी ओळखायची म्हणजे ती काचेच्या बशीत वाढवायची आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहायची. दिवस मोडायचे, आणि मातीतल्या कितीतरी बुरशी बशीत वाढतच नाहीत. आता चिमूटभर मातीतून सगळ्यांचा डीएनए एकदम काढता येतो. त्यातला एक ठरावीक तुकडा यंत्रात लाखो पटींनी वाढवतात, त्याची अक्षरं वाचतात आणि जगभरच्या नोंदींशी ताडून पाहतात. आधारच्या ठशावरून माणूस ओळखावा, तसंच हे. त्या चिमटीत रोगाची बुरशी सापडते, तशी ट्रायकोडर्मासारखी पिकाची मैत्रीणही सापडते. जगात 22 ते 38 लाख प्रकारच्या बुरशी असाव्यात, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. नावं मिळाली आहेत ती दीड लाखाच्या आसपास!

अर्थात डीएनए म्हणजे जादू नव्हे. मातीत कोण आहे ते तो सांगतो, पण पीक कुणी मारलं हे दर वेळी सांगत नाही. मेलेल्या बुरशीचा डीएनएही मातीत राहतो. म्हणून वाळलेलं झाड हातात घेऊन, मूळ चिरून पाहणारा जाणकार आजही लागतोच. आघारकरांनी दऱ्याखोऱ्यांत फिरून कमावलेली नजर अजून जुनी झालेली नाही.

आमच्या काकूंनी गेल्या रब्बीला त्या रानात ज्वारी घेतली, कारण मरची बुरशी मातीत वर्षानुवर्षं टिकून राहते. हरभरा दुसऱ्या रानात पेरला, तोही मरला दाद न देणारा वाण आणि बियाण्याला ट्रायकोडर्मा चोळून. पीक चांगलं आलं. तेव्हा मैत्रिणींनो, झाड वाळलं तर आधी दुकानाची पायरी चढू नका. मुळासकट झाड आणि थोडी माती पिशवीत घालून तुळजापूरच्या कृषी विज्ञान केंद्रात दाखवा. आणि घरातल्या लेकीनं रानातली छत्री उपटून आणली, तर घाण म्हणून फेकायला लावू नका. तिला तिचं नाव शोधू द्या.