सर्वांची आई

शाळेच्या पालकसभेत आम्ही नेहमी पाहतो, आपल्या मुलाचे गुण विचारून झाले की पालक घरी निघतात. अशा वेळी आम्हांला संत जॉन बॉस्को ह्यांची आई मार्गेरिता आठवते.

इटलीतील काप्रिल्यो गावी १७८८ साली तिचा जन्म झाला. शेतकऱ्याची लेक, अक्षरओळख नाही. १८१७ साली पती वारला, तेव्हा छोटा जॉन दोन वर्षांचाही नव्हता. तिने कष्टाने मुले वाढवली, त्यांना प्रार्थना शिकवली. जॉन धर्मगुरू झाला. तिचे कर्तव्य संपले होते.

तरीही १८४६ साली, वयाच्या ५८ व्या वर्षी, ती तुरीन शहरी मुलाच्या मदतीला गेली. तेथे गरीब मुलांसाठी रात्रशाळा चालत होती. पुढे वसतिगृहही झाले. मार्गेरिताने स्वयंपाक केला, फाटके कपडे शिवले, लग्नातले दागिने विकले.

एकदा खेळाच्या भरात मुलांनी तिची भाजीची बाग तुडवली. ती कंटाळून गावी परत निघाली. मुलाने काही न बोलता भिंतीवरील क्रूसाकडे बोट दाखवले. तिचे डोळे भरले आणि ती पुन्हा कामाला लागली. १८५६ साली मरण येईपर्यंत ती तेथेच राहिली. २००६ साली ख्रिस्तसभेने तिला वंदनीय घोषित केले.

पालकहो, पुढच्या सभेत आपल्या मुलाचे गुण जरूर विचारा. मात्र त्याच्या शेजारी बसणारे मूल डबा आणते का, हेही विचारा.