विश्लेषण : वसईचा तरुण जपानमध्ये क्रूसावर का गेला? संत गोन्सालो गार्सिया यांची कहाणी आज काय सांगते?

वसईत गास गावातील चर्च आणि शहरातील एक महाविद्यालय संत गोन्सालो गार्सिया यांच्या नावाने ओळखले जाते. भारतात जन्मलेले ते पहिले कॅथलिक संत. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी जपानमधील नागासाकी येथे त्यांना ठार मारण्यात आले, कारण त्यांचा धर्म तिथल्या सत्तेला नको होता. त्याच शतकात त्यांच्या वसईत मात्र याच धर्माच्या हाती सत्ता होती आणि तिथे इतरांची मंदिरे पाडली जात होती.

तेव्हाची वसई कशी होती?

१५३४ मध्ये गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने वसई पोर्तुगिजांना दिली. गोन्सालो यांचा जन्म त्यानंतर सुमारे दोन दशकांनी, १५५६च्या आसपास झाला. वडील पोर्तुगीज सैनिक, तर आई इथलीच. १५६० मध्ये गोव्यात धर्मन्यायालय, म्हणजे इन्क्विझिशन, सुरू झाले आणि त्याचा वचक वसईपर्यंत पोहोचला. निर्मळसारख्या तीर्थक्षेत्रालाही पोर्तुगीज राजवटीची झळ बसली. राज्यकर्त्यांचा धर्म हीच तेव्हा निष्ठेची खूण होती.

ते जपानला कसे पोहोचले?

गोन्सालो वसईच्या किल्ल्यातील जेझुइट धर्मगुरूंकडे शिकले. पंधरा-सोळा वर्षांचे असताना त्यांच्यासोबत जपानला गेले. तिथली भाषा त्यांनी उत्तम आत्मसात केली आणि अनेक वर्षे धर्मशिक्षक म्हणून काम केले. जेझुइट संघात मात्र त्यांना प्रवेश मिळाला नाही. आई हिंदुस्थानी असणे हे त्यामागचे कारण मानले जाते. म्हणजे भेदभावाचा पहिला फटका त्यांना स्वतःच्या धर्मबांधवांकडून बसला.

त्यानंतर त्यांनी व्यापार सुरू केला आणि त्यात जमही बसवला. पुढे तो सोडून ते मनिला येथे फ्रान्सिस्कन संघात ब्रदर झाले. १५९३ मध्ये स्पॅनिश शिष्टमंडळाचे दुभाषी म्हणून ते पुन्हा जपानला आले.

मृत्युदंड का दिला गेला?

जपानचा सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी याने १५८७ मध्येच मिशनऱ्यांना देश सोडण्याचा हुकूम काढला होता. त्याची कडक अंमलबजावणी मात्र होत नव्हती. १५९६ मध्ये सान फेलिपे हे स्पॅनिश जहाज जपानच्या किनाऱ्याला लागले. त्यावरील माल जप्त झाला आणि मिशनरी म्हणजे स्पेनच्या आक्रमणाची पूर्वतयारी, हा संशय बळावला. आशियात युरोपीय सत्ता ज्या रीतीने पसरत होत्या, ते पाहता ही भीती अगदीच निराधार नव्हती. पण तिची किंमत चुकवली ती सैन्य नसलेल्या माणसांनी.

गोन्सालो यांच्यासह अनेकांना अटक झाली. त्यांच्या डाव्या कानाचा भाग कापून त्यांची धिंड काढण्यात आली. ऐन थंडीत सुमारे महिनाभर प्रवास करवून त्यांना नागासाकीला नेण्यात आले. तिथे २६ जणांना क्रूसावर बांधून भाल्यांनी भोसकण्यात आले. त्यातले २० जपानी होते आणि काही तर कोवळी मुले होती. पोप नववे पायस यांनी १८६२ मध्ये या सर्वांना संत घोषित केले.

पुढे काय झाले?

जपानमध्ये १६१४ मध्ये ख्रिस्ती धर्मावर देशभर बंदी आली. अनेक कुटुंबांनी सुमारे अडीच शतके आपली श्रद्धा लपवून जपली. १८७३ मध्ये बंदीचे फलक उतरले आणि १९४७च्या राज्यघटनेने सर्वांना धर्मस्वातंत्र्य दिले.

वसई १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी जिंकली. चर्चच्या घंटा विजयचिन्ह म्हणून नेल्या गेल्या आणि त्यातल्या काही आजही मंदिरांत आहेत. पण शरणागतीच्या तहात ख्रिस्ती उपासनेला मुभा होती. इथला ख्रिस्ती समाज टिकला आणि निर्मळचे तीर्थही पुन्हा उभे राहिले.

आजचा संबंध काय?

सोळाव्या शतकात माणसाला श्रद्धा बाळगता येईल की नाही, हे गादीवर कोण आहे यावर ठरे. एकच धर्म वसईत हुकूम सोडत होता आणि नागासाकीत गुन्हा ठरत होता. भारतीय राज्यघटनेचा अनुच्छेद २५ नेमकी हीच साखळी तोडतो. सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या मर्यादेत धर्म मानण्याचा, आचरण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा हक्क तो सर्व व्यक्तींना देतो. निवडणुकीत बहुमत कोणाचेही येवो, हा हक्क बदलत नाही.

परक्या देशाशी नाते जोडून एखाद्या समाजाच्या निष्ठेवर शंका घेणे आजही सोपे आहे. गोन्सालो यांच्याबाबत तर ती दोनदा घेतली गेली. एकदा आईच्या वंशावरून आणि एकदा धर्मावरून. दोन्ही वेळा त्यांनी स्वतः काय केले होते, हे कोणी विचारले नाही. लोकशाहीत कायद्याने विचारायचा प्रश्न तेवढाच असतो.