माउझर : एका नावामागचा कारागीर

पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियातील कुत-अल-अमारा येथे इंग्रजांची सहावी पुणे डिव्हिजन तुर्की सैन्याच्या वेढ्यात सापडली. डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ रोजीच्या शरणागतीपर्यंत चाललेल्या या वेढ्यात १०३, ११० आणि ११७ क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. या पलटणींच्या भरतीसाठी रत्नागिरी जिल्हा हा इंग्रजांचा जुना, भरवशाचा मुलूख. भाताची खाचरे मागे ठेवून गेलेल्या कोकणातील तरुणांवर टायग्रिसच्या काठी ज्या रायफली रोखल्या गेल्या, त्या प्रामुख्याने माउझर बनावटीच्या होत्या. जर्मनीतील नेकार नदीकाठच्या ओबर्नडॉर्फ या लहानशा गावी त्यांची घडण झाली होती. ज्या माणसाचे नाव त्या रायफलींवर कोरलेले होते, तो महायुद्धाचा वणवा पेटण्यापूर्वी अवघे दोन महिने आधीच जग सोडून गेला होता.

पीटर पॉल माउझर यांचा जन्म २७ जून १८३८ रोजी ओबर्नडॉर्फ येथे झाला. तेरा भावंडांतील ते सर्वांत धाकटे. वडील फ्रान्झ आंद्रेआस हे व्युर्टेम्बर्ग राज्याच्या शाही शस्त्र कारखान्यात कारागीर होते. हा कारखाना १८११ मध्ये एका जुन्या ख्रिस्ती मठाच्या इमारतीत सुरू झाला होता. जेथे पूर्वी प्रार्थना होत, तेथे आता कानशी आणि हातोडे वाजू लागले होते. घरात खाणारी तोंडे पुष्कळ आणि मिळकत बेताची. त्यामुळे शाळा संपताच मुलांनी वडिलांच्या मागोमाग कारखान्यात जायचे, हा घराचा रिवाजच होता. पॉल यांनीही बालवयातच कानस हाती धरली. चार वर्षांनी मोठा असलेला भाऊ विल्हेल्म हा व्यवहारात चतुर, तर पॉल यांचे सारे चित्त यंत्रात. पुढे या दोघांच्या जोडीने जो पल्ला गाठला, त्याचे मूळ या स्वभावभेदात होते.

सुईच्या बंदुकीपासून सुरुवात

१८५९ मध्ये पॉल यांना सक्तीच्या लष्करी सेवेसाठी लुडविग्सबुर्ग येथे तोफखान्यात जावे लागले. तोफेची मागील बाजू उघडून दारूगोळा भरण्याची पद्धत तेथे त्यांना जवळून पाहता आली. त्या काळी प्रशियाच्या सैन्यात ड्रायझे यांची सुईची बंदूक होती. ती मागून भरता येत असे, हे तिचे मोठेच वैशिष्ट्य. परंतु तिची लांब सुई वारंवार मोडे आणि सांध्यांतून तप्त वायू सैनिकाच्या चेहऱ्यावर येई. सेवेतून परतल्यावर दोघे भाऊ दिवसा कारखान्यात राबत आणि उरल्या वेळात या बंदुकीतील दोष दूर करण्याचा ध्यास घेत. दांडा वळवताच आपोआप ताणला जाणारा बोल्ट आणि धातूचे काडतूस यांचा मेळ त्यांनी घातला.

मायदेशात मात्र या कल्पनेची कोणी दखल घेतली नाही. अखेर सॅम्युएल नॉरिस या अमेरिकन शस्त्रव्यापाऱ्याचे तिकडे लक्ष गेले आणि १८६७ मध्ये दोघे भाऊ बेल्जियममधील लिएज येथे गेले. १८६८ मध्ये अमेरिकेत पेटंट निघाले, त्यावर नॉरिस यांचेही नाव होते. पुढे करार फिसकटला, पैसे आटले आणि भाऊ रिकाम्या हाताने ओबर्नडॉर्फला परतले. परंतु प्रशियाच्या लष्करी अधिकाऱ्यांनी तोवर ती रचना पाहिली होती. सुधारणा होत होत ती १८७१ च्या नमुन्याची रायफल म्हणून नव्या जर्मन साम्राज्याने स्वीकारली. ज्यांनी ती घडवली, त्यांच्या पदरी मात्र प्रारंभी रायफलींची कामे आलीच नाहीत. नेम धरण्याच्या पट्ट्या बनवण्याच्या किरकोळ कामावर त्यांनी आपला कारखाना उभा केला. १८७४ मध्ये व्युर्टेम्बर्ग सरकारकडून जुना शाही कारखानाच त्यांनी विकत घेतला. ज्या दारातून वडील मजुरीसाठी आत जात, त्याच दाराचे मालकपण मुलांकडे आले.

१८८२ मध्ये विल्हेल्म यांचे निधन झाले आणि व्यवहाराचा भार पॉल यांच्या एकट्याच्या खांद्यावर आला. तो त्यांना पेलवणारा नव्हता. १८८७ मध्ये तुर्कस्तानने पाच लाखांहून अधिक शस्त्रांची प्रचंड मागणी नोंदवली, तेव्हा बर्लिनच्या ल्योव्हे कंपनीचा हात धरावा लागला आणि कारखान्याची मालकी तिच्याकडे गेली. पॉल तांत्रिक प्रमुख म्हणून राहिले. मालकी गेल्याने त्यांच्या हातातील काम मात्र थांबले नाही. बेल्जियमसाठी १८८९ चा, स्पेनसाठी १८९३ चा आणि अखेर ५ एप्रिल १८९८ रोजी जर्मन सैन्याने स्वीकारलेला ९८ चा नमुना अशी एकामागून एक पावले पडत गेली.

पोलाद आणि अक्रोड

या ९८ च्या नमुन्याची कीर्ती बोल्टच्या मजबुतीसाठी झाली. पुढे दोन आणि मागे सुरक्षेसाठी तिसरा असे तीन खिळ बोल्टला होते. काडतूस फुटलेच, तर वायू बाजूला वळावा आणि सैनिकाचा डोळा वाचावा अशी सोय होती. परंतु या रायफलीचे आणखी एक मर्म तिच्या पोटात दडलेले आहे. ते पोलाद आणि लाकूड यांच्या संसाराशी निगडित आहे.

रायफलीची यंत्रणा कितीही अचूक असली, तरी ती हवेत धरून झाडता येत नाही. तिला लाकडी दस्त्यात बसवावे लागते. माउझर यांच्या रचनेत यंत्रणेच्या तळाशी, नळी जेथे जोडली जाते त्याच्या जरा खाली, पोलादाचा एक जाड उंचवटा असतो. गोळी सुटताना बसणारा मागचा धक्का हा उंचवटा दस्त्यातील खोबणीच्या मागील भिंतीला देतो आणि तेथून तो खांद्यापर्यंत पोहोचतो. पुढचा स्क्रू याच उंचवट्यात आणि मागचा यंत्रणेच्या शेपटात फिरतो. या दोन स्क्रूंवर सारे बांधलेले असते. खोबण सैल राहिली, तर उंचवट्याचा भार शेपटावर जातो आणि पाचरीसारखा घुसून तो दस्ता मागून चिरतो. म्हणून लष्करी दस्त्यात या भिंतीमागे एक आडवा पोलादी बोल्ट घातलेला असे. मागच्या स्क्रूभोवती पोलादी नळकांडे असे, कारण ते नसले तर स्क्रू आवळत गेल्याबरोबर लाकूड दबत जाते आणि घट्टपणाला शेवट राहत नाही.

यंत्रणा नव्या दस्त्यात बसवणारा जुना कारागीर घाई करीत नसे. धातूच्या तळाला तेलात कालवलेली काजळी फासून तो यंत्रणा खोबणीत ठेवी, हलकेच दाबी आणि उचलून पाही. लाकडावर जेथे काळा डाग उमटला, तेथेच धातू टेकतो, हे उघड. मग पटाशीने फक्त तो डाग कागदाइतका पातळ छिलायचा आणि पुन्हा काजळी, पुन्हा दाब. शेकडो वेळा हे झाले की डाग तुरळक न राहता साऱ्या पृष्ठभागावर सारखे पसरतात. काडतुसांची पेटी मात्र लाकडाला आणि वरच्या पोलादाला टेकता कामा नये. ती अडली, तर स्क्रू आवळूनही यंत्रणा लाकडात घट्ट बसत नाही आणि प्रत्येक गोळी थोडी वेगळीकडे जाते.

लाकूड ओल पिते, फुगते आणि उन्हात आकसते. रत्नागिरीसारख्या ठिकाणी वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तेथील दारे आषाढात चौकटीत अडकतात आणि फाल्गुनात खुळखुळतात, हे कोकणी माणसाला सांगावे लागत नाही. रायफलीच्या दस्त्याचे हेच होते. मात्र येथे एका केसाच्या फरकाने नळीवर लाकडाचा दाब पडतो आणि शंभर मीटरवरचा नेम चुकतो. म्हणून दस्त्याला जवसाचे तेल पाजण्याची आणि नळीभोवती मोकळी जागा ठेवण्याची रीत रूढ झाली. पुढे जर्मन लष्कराने पातळ फळ्या चिकटवून बनवलेले दस्ते स्वीकारले, तेही लाकडाच्या या लहरीपणावर उपाय म्हणूनच. दुसऱ्या महायुद्धानंतर राळेचे लेप देऊन खोबण भरण्याची पद्धत आली. परंतु राळही जेथे लाकूड नीट छिललेले आहे, तेथेच नीट बसते.

शिकाऱ्याच्या खांद्यावर

लंडनच्या जॉन रिग्बी या बंदूक घडवणाऱ्या घराण्याने विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर ओबर्नडॉर्फहून यंत्रणा मागवून त्या अक्रोडाच्या नव्या दस्त्यांत बसवण्यास सुरुवात केली. १९०७ मध्ये चंपावतच्या नरभक्षक वाघिणीचा नाश केल्याबद्दल जिम कॉर्बेट यांना भेट मिळालेली .२७५ बोअरची रिग्बी रायफल अशाच माउझर यंत्रणेची होती. युद्धासाठी जन्मलेली यंत्रणा दुसऱ्या दस्त्यात बसताच शिकारीचे हत्यार बनली. पहिल्या महायुद्धानंतर व्हर्सायच्या तहाने ओबर्नडॉर्फच्या कारखान्याच्या युद्धसाहित्यावर बंधने आणली. लढाईतून उरलेल्या असंख्य माउझर रायफलींचे लष्करी दस्ते काढून जगभरच्या कारागिरांनी नवे चढवले. माउझर यांची रचना इतकी साधी आणि काटेकोर होती, की गावोगावच्या माणसांनाही ते काम साधे.

गोळी कोणाच्या हाती

माउझर यांच्या कामाची गोळी कोणाच्या दिशेने सुटेल, हे त्यांच्या हाती नव्हते. १८९९ मध्ये दक्षिण आफ्रिकेत सुरू झालेल्या युद्धात बोअर शेतकऱ्यांनी माउझर रायफलींनी इंग्रज फौजांना जेरीस आणले. त्या लढायांतील जखमींना वाहून नेणाऱ्या भारतीय रुग्णसेवा पथकाचे नेतृत्व मोहनदास करमचंद गांधी करीत होते. दुसरीकडे माउझर यांचे १८९६ चे पिस्तूल भारतात आले. त्याची मूळ रचना कारखान्यातील फेडर्ले बंधूंची, पण पेटंट माउझर यांच्या नावावर निघाले. त्या पिस्तुलाचे लाकडी म्यान मुठीला जोडले, की तेच खांद्याला टेकवायचा दस्ता होई. २६ ऑगस्ट १९१४ रोजी कोलकात्यात रॉडा कंपनीच्या मालातून अशी ५० पिस्तुले आणि ४६ हजार काडतुसे क्रांतिकारकांनी पळवली. ९ ऑगस्ट १९२५ रोजी काकोरीला रेल्वेतील सरकारी खजिना लुटताना रामप्रसाद बिस्मिल यांच्या सहकाऱ्यांकडेही माउझर पिस्तुले होती.

रत्नागिरीशी असलेला धागा याहून लांबचा, पण खरा आहे. १८८९ मध्ये बेल्जियमला हव्या असलेल्या दीड लाख माउझर रायफली बनवण्यासाठी लिएजजवळ हर्स्टाल येथे एक नवा कारखाना निघाला. त्याच कारखान्यात पुढे अमेरिकन संशोधक ब्राउनिंग यांची पिस्तुले बनू लागली आणि युरोपात ब्राउनिंग या नावाने विकली गेली. विनायक दामोदर सावरकर यांनी १९०९ मध्ये लंडनहून वीस ब्राउनिंग पिस्तुले भारतात पाठवली. त्यांपैकी एकाने २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात जिल्हाधिकारी जॅक्सन मारले गेले. गोळी झाडणारे अनंत कान्हेरे रत्नागिरी जिल्ह्यातील खेड तालुक्यातले. १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात त्यांना फाशी झाली. अंदमानहून परत आणलेले सावरकर १९२४ ते १९३७ अशी तेरा वर्षे रत्नागिरीत स्थानबद्ध होते.

एका डोळ्याची किंमत

इतरांचा डोळा वाचावा म्हणून ज्याने वायूला वाट काढून दिली, त्याला स्वतःचा डोळा वाचवता आला नाही. १९०१ मध्ये आपोआप भरणाऱ्या नव्या रायफलीची चाचणी घेताना स्फोट झाला आणि पॉल यांचा एक डोळा गेला. वय त्रेसष्ट. तरीही ते कामावर परतले आणि अखेरपर्यंत त्या रायफलीच्या मागे राहिले. १८९८ ते १९०३ या काळात ते जर्मन संसदेचे सदस्य होते. १९१२ मध्ये राजाने त्यांना सरदारकी दिली. परंतु ओबर्नडॉर्फमध्ये ते अखेरपर्यंत कारखान्यातले माउझर म्हणूनच ओळखले गेले.

२९ मे १९१४ रोजी ओबर्नडॉर्फ येथे त्यांचे निधन झाले. महायुद्धात त्यांनी घडवलेल्या रायफली लक्षावधींच्या संख्येने माणसांच्या खांद्यांवर गेल्या, हे पाहणे त्यांच्या नशिबी आले नाही. त्यातले सुदैव किती आणि दुर्दैव किती, याचा निवाडा इतिहासाने केलेला नाही. १९४५ मध्ये फ्रेंच सैन्याने ओबर्नडॉर्फचा कारखाना ताब्यात घेतला आणि पुढे तो मोडीत काढला. यंत्रणेची मांडणी मात्र टिकली. आज बाजारात मिळणाऱ्या बहुसंख्य शिकारी आणि नेमबाजीच्या बोल्ट रायफलींमध्ये माउझर यांच्या रचनेची छाया दिसते. जुनी यंत्रणा नव्या दस्त्यात बसवणारा कारागीर आजही काजळी फासतो, डाग पाहतो आणि पटाशी चालवतो. पोलाद हट्टी आणि लाकूड लहरी, म्हणून दोघांना एकत्र नांदवताना घाई चालत नाही, हे पॉल माउझर यांनी ओबर्नडॉर्फच्या त्या जुन्या मठात बालपणीच शिकून घेतले होते.