आचार्य धर्मानंद कोसंबी यांची विद्यार्थिदशा

पाली वाङ्मयाचे प्रकांड पंडित म्हणून देशोदेशी मान्यता पावलेले धर्मानंद दामोदर कोसंबी यांचा जन्म गोमंतकातील साखवाळ ग्रामी ९ ऑक्टोबर १८७६ रोजी एका सारस्वत कुलात झाला. शालेय शिक्षण अल्प, विवाह लहान वयात, आणि नित्याचे काम म्हणजे नारळीच्या बागाईतीची देखरेख. संस्कृत शिकण्याची तळमळ होती. परंतु घराबाहेर पडण्याचे प्रयत्न फसत गेले, आणि विद्या आपल्या भाग्यी नाही या विचाराने मन खचत गेले. त्या काळी तुकोबांच्या अभंगांनी त्यांस धीर दिला. 'बालबोधमेवा' मासिकातील बुद्धचरित्रावरील एका लेखाने जीवनास दिशा दिली.

१८९९ च्या अखेरीस, तेविसाव्या वर्षी, त्यांनी घर सोडले. मागे पत्नी व लहान मुलगी राहिली. तिकडे काणाडोळा करून हे चरित्र सांगणे न्याय्य होणार नाही. पुण्यास डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांची भेट घेऊन पुढे ते इंदूर, ग्वाल्हेर या मार्गाने काशीस पोहोचले व अन्नछत्रात जेवून व्याकरण शिकू लागले. ज्या वयात पाठशाळेतील विद्यार्थी कौमुदी संपवून शास्त्रांतराकडे वळतो, त्या वयात यांचा श्रीगणेशा! आठ वर्षांच्या बटूस रूपे अर्थावाचून मुखोद्गत होतात. प्रौढास अर्थ आधी हवा असतो, आणि सूत्र जिव्हेवर ठरत नाही. बुद्धी जितकी तीक्ष्ण तितकी ही मंद गती अधिक बोचते, कारण आपण कोठे अडलो हे तिला स्वच्छ दिसते. 'निवेदन' (१९२४) या आत्मवृत्तात कोसंबींनी आपले नैराश्य झाकून ठेवलेले नाही.

काशीत थोडी गती आली न आली तोच त्यांनी पुन्हा आरंभ पत्करला. १९०२ मध्ये नेपाळ व बुद्धगया करून ते सिंहलद्वीपी गेले आणि कोलंबोच्या विद्योदय विद्यालयात सुमंगल महास्थविरांपाशी पालीचे विद्यार्थी झाले. भाषा नवी, लिपी नवी, अन्न परके. पुढे ब्रह्मदेश. मठपरंपरेहून त्यांचा मार्ग निराळा होता; गुरुगृही बसून धुळाक्षरे गिरविण्याची रीत मात्र तीच.

परतल्यावर कलकत्त्यातील अध्यापन सोडून १९०८ मध्ये त्यांनी बडोद्याच्या सयाजीराव महाराजांचे दरमहा ५० रुपयांचे वेतन स्वीकारले, ते महाराष्ट्रात राहून काम करता यावे म्हणून. तेथील व्याख्याने 'बुद्ध, धर्म आणि संघ' या नावाने १९१० मध्ये प्रसिद्ध झाली. त्याच वर्षी 'विसुद्धिमग्ग' या ग्रंथाच्या संशोधनासाठी त्यांस अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाने पाचारण केले. त्या ग्रंथाची देवनागरी आवृत्ती १९४० मध्ये निघाली, आणि त्यावरील त्यांची पाली टीका १९४३ मध्ये. हार्वर्डची आवृत्ती १९५० साली बाहेर पडली. तत्पूर्वीच, ४ जून १९४७ रोजी, सेवाग्राम येथे अन्नत्याग करून त्यांनी देह ठेवला होता.