विल्यम थॉमस ब्लॅनफर्ड

विल्यम थॉमस ब्लॅनफर्ड (७ ऑक्टोबर १८३२ – २३ जून १९०५) हे इंग्लिश भूवैज्ञानिक व प्राणिशास्त्रज्ञ होते. तापी व नर्मदा खोऱ्यांतील खडकांचा त्यांनी अभ्यास केला.

जीवन

ब्लॅनफर्ड यांचा जन्म लंडन येथे झाला. रॉयल स्कूल ऑफ माइन्स व जर्मनीतील फ्रायबर्ग येथे शिक्षण घेऊन १८५५ मध्ये ते धाकटे बंधू हेन्री यांच्यासह भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात दाखल झाले. ओडिशातील तालचेर येथील गोटेयुक्त थर बर्फाच्या क्रियेने बनला असावा, असे अनुमान त्यांनी १८५६ मध्ये मांडले. १८७४ मध्ये ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. १८८२ मध्ये ते निवृत्त झाले.

खानदेशातील कार्य

१८६० नंतरच्या दशकात त्यांनी पश्चिम भारतात सर्वेक्षण केले. आजचे जळगाव, धुळे व नंदुरबार हे जिल्हे तेव्हा एकाच खानदेश जिल्ह्यात होते. तापी व नर्मदेच्या खालच्या खोऱ्यांवरील त्यांचा अहवाल १८६९ मध्ये प्रसिद्ध झाला. दख्खन ट्रॅपचा लाव्हा पाण्याखाली नव्हे, तर उघड्या जमिनीवर पसरला, असे मत त्यांनी मांडले. खानदेशच्या मैदानात वर तापीचा गाळ आणि त्याखाली बेसाल्ट आढळतो. त्याहून जुने क्रिटेशस कालीन वालुकाश्म व चुनखडक मात्र उत्तरेस नर्मदा खोऱ्यात, बाघ परिसरात उघडे पडलेले दिसतात.

महत्त्व

हे वालुकाश्म दक्षिणेकडे खानदेशच्या बेसाल्टखाली कितपत पसरले आहेत, हे पृष्ठभागावरील पाहणीतून कळत नाही. पुढे भूकंपीय व विद्युत्-चुंबकीय पद्धतींनी केलेल्या सर्वेक्षणांत नर्मदा–तापी पट्ट्यात ट्रॅपखाली गाळाचे खडक असल्याचे संकेत मिळाले. वालुकाश्माच्या कणांमधील परस्परांना जोडलेल्या पोकळ्यांत तेल व वायू साठू शकतात. त्यासाठी सेंद्रिय द्रव्ययुक्त जनक खडक, वर अपार्य आच्छादन आणि साठा अडवणारी संरचना आवश्यक असते. अखंड बेसाल्ट आच्छादनाचे काम करू शकतो. परंतु भेगा व डाइक यांमुळे गळती संभवते. लाव्हाची उष्णता आणि पोकळ्यांत साचणारी खनिजे यांनी वालुकाश्माची साठवणक्षमता घटते. म्हणून केवळ वालुकाश्माचे अस्तित्व हा तेलसाठ्याचा पुरावा ठरत नाही. खोल वेधनानेच त्याचा निर्णय होतो. खानदेशात अद्याप तेल किंवा वायूचे व्यापारी उत्पादन होत नाही.

इतर कार्य

हेन्री बेनेडिक्ट मेडलिकट यांच्यासह त्यांनी लिहिलेला भारताच्या भूविज्ञानावरील ग्रंथ १८७९ मध्ये प्रकाशित झाला. ब्रिटिश भारतातील प्राण्यांविषयीच्या ग्रंथमालेचे ते संपादक होते. १८८३ मध्ये त्यांना वोलॅस्टन पदक मिळाले. लंडन येथे त्यांचे निधन झाले.