सर आर्थर कॉटन

त्र्यंबकेश्वराजवळ उगम पावणारी गोदावरी आम्हां महाराष्ट्रीयांस मातेसमान आहे. तिच्या तीरावरील नाशिक, पैठण, नांदेड हीं क्षेत्रें आपणांपैकीं पुष्कळांनीं पाहिलीं असतील. परंतु सुमारें १४६५ किलोमीटरांचा प्रवास संपवून ती ज्या आंध्र प्रदेशांत समुद्रास मिळते, तेथील गांवोगांवीं एका इंग्रज स्थापत्यविशारदाचे पुतळे उभे आहेत आणि शेतकरी त्यांस आदरानें हार घालितात, हें थोड्यांसच ठाऊक असेल. परक्या देशांतून आलेल्या अधिकाऱ्यास हा मान कसा लाभला, हें सांगण्याचें आम्हीं येथें योजिलें आहे.

आर्थर कॉटन यांचा जन्म १५ मे १८०३ रोजीं इंग्लंडांत झाला. अकरा भावांत ते दहावे. पंधराव्या वर्षीं ते अ‍ॅडिसकोम येथील लष्करी विद्यालयांत दाखल झाले आणि १८२१ सालीं मद्रास इलाख्याच्या एंजिनियर पथकांत नोकरीस आले. प्रथम ब्रह्मी युद्धांतही त्यांनीं कामगिरी केली. पण त्यांच्या बुद्धीचें खरें क्षेत्र रणांगण नव्हे, नदीचें पात्र होय.

त्या काळीं कावेरीचें पाणी तिच्या कोलेरून नांवाच्या शाखेकडे अधिकाधिक वळून तंजावरचीं शेतें कोरडीं पडूं लागलीं होतीं. त्यावर उपाय शोधीत असतां कॉटन यांची दृष्टि प्राचीन चोल राजांच्या बंधाऱ्याकडे गेली. खालीं खडक नाहीं, नुसती वाळू. तरी तो बंधारा शतकानुशतकें टिकला कसा? त्यांस असें आढळलें कीं, वाळूंत मोठमोठे दगड टाकीत जावें. ते रुततील तितके रुतूं द्यावे, वर आणखी टाकावे. अखेरीस ते स्थिर होतात आणि त्यांवर बांधकाम उभें राहतें. ही विद्या आपण या देशांतील जुन्या कारागिरांपासून शिकलों, हें त्यांनीं पुढें मोकळ्या मनानें मान्य केलें. या ज्ञानाच्या बळावर १८३६ सालीं त्यांनीं कोलेरूनवर दोन बंधारे पुरे केले आणि तंजावरचें शेत पुन्हां हिरवें झालें.

यानंतर गोदावरीची पाळी आली. १८३३ च्या सुमारास त्या बाजूस भयंकर दुष्काळ पडून असंख्य माणसें अन्नावांचून मेलीं होतीं. आणि दुर्दैव असें कीं, तेथूनच गोदावरीचें अपार पाणी दर पावसाळ्यांत समुद्रास मिळत होतें! भरल्या नदीकांठीं मनुष्यानें उपाशी मरावें, हें कॉटन यांस सहन होईना. ते निष्ठावान ख्रिस्ती होते. ईश्वरानें दिलेलें जल वायां जाऊं देणें हा त्यांस केवळ हिशेबाचा नव्हे, तर धर्माचाही प्रश्न वाटला. १८४४ सालीं त्यांनीं राजमहेंद्रीजवळ धवळेश्वरम् येथें बंधारा बांधण्याची सूचना सरकारास केली. मंजुरी मिळून १८४७ सालीं काम चालू झालें.

नदीच्या पात्रांतील बेटांमुळें बंधाऱ्याचे चार भाग पडले. त्यांची लांबी मिळून सुमारें साडेतीन किलोमीटर भरली. हजारों मजूर खपत होते. वीणम वीरण्णा यांच्यासारखे एतद्देशीय साहाय्यक कॉटन यांच्या हाताशीं होते. ऐन कामांत त्यांची प्रकृति ढांसळली. १८४८ सालीं रजा घेऊन त्यांस ऑस्ट्रेलियांत जावें लागलें. सहकाऱ्यांनीं काम चालू ठेविलें, ते स्वतः १८५० सालीं परतले आणि १८५२ सालीं बंधारा पूर्ण झाला. पुढें त्यांच्याच विचारास अनुसरून कृष्णेवर बेझवाड्यासही बंधारा झाला. १८७६ ते १८७८ च्या महादुष्काळांत दक्षिण हिंदुस्थान होरपळत असतां गोदावरीच्या मुखाकडील प्रदेश धान्य पिकवीत होता.

१८६१ सालीं त्यांस 'सर' ही पदवी मिळाली. तथापि विरोध संपला नाहीं. आगगाड्यांपेक्षां कालव्यांवर अधिक खर्च करावा, नावा व पाटबंधारे दोन्ही साधावे, असें ते आग्रहानें प्रतिपादीत. त्यामुळें १८७८ सालीं पार्लमेंटच्या समितीपुढें त्यांची कसून उलटतपासणी झाली. त्यांचे सर्वच अंदाज बरोबर ठरले असेंही नाहीं. कर्नूल-कडप्पा कालवा तोट्यांत गेला. पण ज्या एका गोष्टीसाठीं ते झगडले, ती खरी ठरली : दुष्काळानंतर अन्नछत्रें घालण्यापेक्षां दुष्काळापूर्वीं पाणी अडविणें श्रेयस्कर.

वृद्धापकाळीं डॉर्किंग येथील आपल्या घरीं ते जमीन खोल खणून गहूं अधिक पिकविण्याचे प्रयोग करीत असत. २४ जुलै १८९९ रोजीं, वयाच्या सत्त्याण्णवाव्या वर्षीं, त्यांनीं देह ठेविला. जुन्या बंधाऱ्याच्या जागीं १९८२ सालीं नवा बंधारा पुरा झाला. त्यास त्यांचेंच नांव दिलें आहे. धवळेश्वरम् येथें त्यांचें स्मारक-संग्रहालयही आहे. गोदावरीस्नानाच्या संकल्पांत तिकडील कांहीं ब्राह्मण त्यांचें स्मरण करितात, असें सांगतात.

विद्यार्थिमित्रहो, पदव्या राजे देतात आणि त्या कागदावर राहतात. परंतु ज्याच्या श्रमानें दुसऱ्याच्या ताटांत भात पडला, त्यास लोक आपण होऊन मान देतात, आणि तो मान पिढ्यान् पिढ्या टिकतो. आपणांपैकीं कोणी उद्यां एंजिनियर होतील; कोणी रस्ते, कोणी पूल, कोणी धरणें बांधतील. त्यांनीं कॉटन साहेबांप्रमाणें जुन्या कारागिरांपुढें शिष्य होण्याची नम्रता आणि उपाशी माणसाकडे पाहून जागें होणारें अंतःकरण बाळगावें, इतकीच आमची परमेश्वरापाशीं प्रार्थना आहे.