कालव्यावर नोकरी न मिळालेला माणूस

माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, त्यामुळे मराठीत लिहायचं म्हटलं की पेन जरा अडखळतं. चुकलंमाकलं तर सांभाळून घ्या.

शाळेच्या लायब्ररीत 'मोबी डिक'ची छोटी, चित्रांची आवृत्ती वाचली होती. पांढरा देवमासा आणि त्याच्यामागे वेडा झालेला एका पायाचा कप्तान, एवढंच लक्षात राहिलं. लेखक हर्मन मेलव्हिल. हा माणूस एकेकाळी आपल्यासारखाच सर्व्हेइंग शिकला होता, हे मात्र मला गेल्या सेमिस्टरला कळलं!

त्याचा जन्म १ ऑगस्ट १८१९ चा, न्यूयॉर्कमधला. वडील व्यापारी. १८३२ मध्ये ते कर्ज मागे ठेवून वारले, तेव्हा हर्मन फक्त बारा वर्षांचा होता. शाळा सुटली, बँकेत कारकुनी सुरू झाली. १८३८ मध्ये त्याने सर्व्हेइंग आणि इंजिनिअरिंगचा कोर्स केला. ईरी कालव्यावर नोकरी मिळावी म्हणून शिफारसही झाली, पण नोकरी काही मिळाली नाही. म्हणजे आपल्या भाषेत, प्लेसमेंट झालंच नाही.

मग तो समुद्रावर गेला. १८४१ मध्ये 'अकुश्नेट' या देवमासे पकडणाऱ्या जहाजावर खलाशी झाला आणि पुढच्या वर्षी मार्केसस बेटांवर चक्क जहाज सोडून पळाला. त्या अनुभवावरचं 'टायपी' हे पुस्तक १८४६ मध्ये आलं आणि गाजलं. १८५१ मध्ये 'मोबी डिक' आलं. लंडनच्या आवृत्तीत शेवटचा उपसंहार गळला होता. जहाज बुडालं, तर मग गोष्ट सांगणारा वाचला कसा, असं समीक्षक विचारू लागले! अमेरिकेत त्याच्या हयातीत या पुस्तकाच्या जेमतेम ३,२०० प्रती खपल्या. १८६६ पासून एकोणीस वर्षं त्याने न्यूयॉर्क बंदरावर रोज चार डॉलरवर कस्टम इन्स्पेक्टरची नोकरी केली. २८ सप्टेंबर १८९१ ला तो गेला, तेव्हा त्याला जवळजवळ सगळे विसरले होते.

खरी गंमत पुढे आहे. १९१९ मध्ये कोलंबिया विद्यापीठातले रेमंड वीव्हर यांच्याकडे जन्मशताब्दीनिमित्त मेलव्हिलवर लेख लिहायचं काम आलं. शोधत शोधत ते त्याच्या नातीकडे, एलिनॉर मेटकाफ यांच्याकडे पोचले. तिने आजोबांचे कागद जपून ठेवले होते. त्यात एक अपुरी कादंबरी निघाली, 'बिली बड'! ती १९२४ मध्ये छापली गेली. वीव्हर यांनी १९२१ मध्ये मेलव्हिलचं पहिलं मोठं चरित्र लिहिलं.

पण त्यात एक घोळ होता. मेलव्हिलच्या कादंबऱ्या म्हणजेच त्याचं आयुष्य, असं सुरुवातीच्या चरित्रकारांनी धरून चाललं. पुढे चार्ल्स अँडरसन यांनी जुनी दप्तरं तपासली आणि १९३९ मध्ये दाखवून दिलं की 'टायपी'त चार महिने म्हटलेला बेटावरचा मुक्काम प्रत्यक्षात महिनाभराचाच होता. मग १९८३ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या एका कोठारात त्याच्या बहिणीने, ऑगस्टाने, जपलेला पत्रांचा गठ्ठा सापडला. त्यात 'टायपी'च्या हस्तलिखिताची पानंही होती. म्हणजे माणूस जाऊन ९२ वर्षं झाली, तरी त्याचं रीडिंग घेणं चालूच!

सर्व्हेइंगमध्ये सर आपल्याला एकाच स्टेशनच्या रीडिंगवर विश्वास ठेवू देत नाहीत. चरित्राचंही तसंच. माणूस स्वतःबद्दल सांगतो ते एक रीडिंग. जहाजाचं दप्तर दुसरं, बहिणीची पत्रं तिसरं. सगळी जुळवली की कुठे तो माणूस नकाशावर दिसायला लागतो.

यंदा आमच्या मजल्यावर बऱ्याच जणांचं कॅम्पसमध्ये काही झालं नाही. माझा रूममेट दोन दिवस मेसला आला नाही. त्याला मी ही गोष्ट सांगितली. कालव्यावर नोकरी मिळाली असती, तर हर्मन कदाचित समुद्रावर गेलाच नसता. त्यावर तो म्हणाला की याला तर हयातीत काहीच मिळालं नाही. खरं आहे, आणि माझ्याकडे त्याचं उत्तर नव्हतं. पण रात्री तो जेवायला आला.

आणि हो, घरी आजोबांचे जुने कागद असतील, तर रद्दीत देण्याआधी एकदा उघडून बघा.